नेट नसतानाही उघडणारे पान

रेंज गेली की क्रोम ब्राउझरमध्ये एक छोटा, करड्या रंगाचा डायनासोर येऊन उभा राहतो. गूगलच्या क्रोम टीमने तो सप्टेंबर २०१४ मध्ये तिथे आणला. फोनवर बोट टेकवले की तो धावू लागतो आणि निवडुंगांवरून उड्या मारतो. २०१८ मध्ये गूगलने सांगितले की हा खेळ महिन्याला सुमारे २७ कोटी वेळा खेळला जातो. त्यातही भारत, ब्राझील, मेक्सिको, इंडोनेशिया अशा, मोबाइल डेटा महाग किंवा बेभरवशाचा असलेल्या देशांत जास्त. काही लोक तो हौसेनेही खेळत असतील. पण त्यातल्या पुष्कळ वेळा कुणीतरी काही वाचायला, शोधायला किंवा विकत घ्यायला निघाले होते आणि त्यांना पानाऐवजी डायनासोर मिळाला, हेही तितकेच खरे.

हा डायनासोर नेटशिवाय धावतो, कारण त्याची चित्रे आणि त्याला पळवणारी आज्ञावली ब्राउझरबरोबरच फोनमध्ये आलेली असते. मग रोज वाचल्या जाणाऱ्या एखाद्या संकेतस्थळाचे पान तसेच फोनमध्ये का राहू नये? ते राहू शकते. त्यासाठी लागणारी सोय आज सगळ्या प्रमुख ब्राउझरांत आहे आणि तिला एक पैसाही पडत नाही. ती इथवर पोचायला मात्र वीस वर्षांहून अधिक काळ गेला आणि वाटेत दोन मोठे प्रयोग मागे टाकावे लागले.

आधी पानाचे वजन पाहू. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की अनुस्वार, तीन बाइट जागा घेते. अडीच हजार शब्दांच्या मराठी लेखात अशी चौदा-पंधरा हजार चिन्हे धरली तर मजकूर होतो चाळीस-पंचेचाळीस किलोबाइट. सर्व्हर तो दाबून लहान करून पाठवतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याच्या पाव भागाच्या आसपासच नेटवरून येते. आता दुसरा आकडा. जगभरातल्या संकेतस्थळांची नियमित मोजणी करणाऱ्या एचटीटीपी आर्काइव्ह या प्रकल्पानुसार २०२२ मध्ये मोबाइलवर उघडणाऱ्या मुखपृष्ठांचे मध्यक वजन दोन मेगाबाइटच्या आसपास होते. वाचक ज्यासाठी आला तो मजकूर दहा-बारा किलोबाइटचा, आणि त्याच्याभोवतीचा सरंजाम दोन हजार किलोबाइटचा.

या सरंजामात छायाचित्रे असतात, जाहिराती असतात. पण मोठा वाटा थीमच्या, म्हणजे संकेतस्थळाचे रंगरूप ठरवणाऱ्या फाइलींचाही असतो. रंग, समास, अक्षरांचे आकार ठरवणारी सीएसएस फाइल, मेनू उघडणारी-मिटणारी जावास्क्रिप्ट, फॉन्ट, बोधचिन्ह, लहानसहान आयकॉन. वर्डप्रेस या प्रणालीवर चालणाऱ्या संकेतस्थळात या साऱ्या फाइली थीमच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये एकत्र असतात. लेख रोज बदलतो. थीम महिनोन्‌महिने तीच असते. घरातल्या गणपतीची मूर्ती दर वर्षी नवी येते, पण मखर माळ्यावर जपून ठेवलेले असते आणि तेच पुन्हा उतरवले जाते; लेख ही मूर्ती आणि थीम हे मखर. असे असूनही असंख्य संकेतस्थळे वाचकाला प्रत्येक भेटीत मखर नव्याने विकत आणायला लावतात, आणि त्याचा खर्च वाचकाच्या डेटा पॅकमधून जातो.

हा प्रश्न वेबच्या जन्मापासूनचा आहे आणि त्यावरचा पहिला उपायही तितकाच जुना. मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजातच सर्व्हरने फाइलीसोबत दोन गोष्टी सांगायची सोय होती: ही फाइल शेवटची कधी बदलली, आणि ती कधी शिळी होईल. ब्राउझर फाइल स्वतःजवळ साठवून ठेवतो. या साठ्याला कॅशे म्हणतात. पुढच्या वेळी तो सर्व्हरला विचारतो, ‘अमुक तारखेनंतर ही फाइल बदलली का?’ बदललेली नसेल तर सर्व्हर फाइल पाठवतच नाही. ३०४ हा क्रमांक पाठवतो, त्याचा अर्थ ‘तुझ्याकडे आहे तीच चालेल’. १९९७ च्या एचटीटीपी १.१ मध्ये यावर कॅशे-कंट्रोल नावाचे हेडर, म्हणजे फाइलीसोबत जाणारी सूचना, आले. फाइल किती सेकंद ताजी मानायची हे त्यात मॅक्स-एज या आकड्याने सांगतात. ३,१५,३६,००० सेकंद म्हणजे एक वर्ष, आणि न बदलणाऱ्या फाइलींसाठी आजही हाच आकडा सर्रास लिहिला जातो.

ही सोय चांगली आहे, पण ‘बदलली का?’ हा प्रश्नसुद्धा फुकट नसतो. टू-जी नेटवर्कवर एक प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्धा-पाऊण सेकंद सहज लागतो. पन्नास फाइलींसाठी पन्नास प्रश्न विचारले आणि पन्नासही वेळा ‘तीच चालेल’ असे उत्तर आले, तर एक बाइटही नवे मिळालेले नसते आणि वेळ मात्र खर्ची पडलेला असतो. फेसबुकच्या अभियंत्यांना हे मोठ्या प्रमाणावर दिसले. त्यांच्या फाइलींच्या नावातच मजकुरावरून काढलेली खूण असायची, म्हणजे एका नावाची फाइल कधीच बदलणार नव्हती. तरी लोक रिलोडचे बटण दाबत आणि ब्राउझर प्रत्येक फाइलीची चौकशी करत बसत. त्यातून कॅशे-कंट्रोलमध्ये इम्यूटेबल हा शब्द आला. ‘ही फाइल बदलणारच नाही, विचारू नकोस’ असा त्याचा आदेश. मोझिलाच्या पॅट्रिक मॅकमॅनस यांनी लिहिलेला त्याचा मानक दस्तऐवज २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

नावात खूण घालण्याची ही युक्ती या सगळ्या विषयाचा कणा आहे. साठवलेली फाइल वर्षभर ताजी मानायची ठरवले आणि दुसऱ्याच दिवशी थीममधला रंग बदलला, तर जुन्या वाचकांना वर्षभर जुनाच रंग दिसेल. त्यांच्या फोनमधली फाइल खोडायला संकेतस्थळाच्या मालकाचा हात तिथवर पोचत नाही. म्हणून फाइल बदलली की तिचे नाव किंवा पत्ता बदलायचा. वर्डप्रेस थीमच्या फाइलींच्या पत्त्यापुढे आवृत्तीचा क्रमांक जोडतो तो याचसाठी. थीमच्या सीएसएसमध्ये फेरफार करून क्रमांक तसाच ठेवणाऱ्यांना मग वाचकांचे फोन येतात, ‘आमच्याकडे पान विस्कटलेले दिसते’. नवा मजकूर आणि जुनी थीम यांची भेट झालेली असते.

फॉन्टची गोष्ट मराठीसाठी वेगळी सांगायला हवी. इंग्रजी फॉन्टला लहान-मोठी मिळून बावन्न अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे पुरतात. देवनागरी फॉन्टमध्ये मूळ अक्षरांखेरीज जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, रफार, वेलांट्यांची वेगवेगळ्या रुंदीची रूपे असे शेकडो आकार लागतात, आणि कोणता आकार कधी वापरायचा याचे नियमही त्याच फाइलीत भरावे लागतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेले ‘मुक्त’ किंवा ‘बालू’सारखे फॉन्ट आज कुणालाही मोफत वापरता येतात. ती मराठी वेबची मोठी कमाई आहे. पण फॉन्टची फाइल पोचेपर्यंत क्रोम आणि फायरफॉक्स मजकूर तीन सेकंदांपर्यंत अदृश्य ठेवतात. लेख फोनमध्ये येऊन पोचला आहे, पण अक्षरे दिसत नाहीत, असा हा विचित्र प्रकार. सीएसएसमध्ये फॉन्ट-डिस्प्ले या ओळीत स्वॅप असे लिहिले तर फोनमधल्या फॉन्टमध्ये मजकूर लगेच दिसतो आणि ठरवलेला फॉन्ट आला की बदलतो. आणि फॉन्ट एकदा आला की तो परत आणायला लागू नये, हे तर उघडच आहे.

इथे एक जुना समज अजून टिकून आहे. गूगलच्या सर्व्हरवरून फॉन्ट किंवा जेक्वेरीसारखी तयार जावास्क्रिप्ट मागवली की वाचकाच्या फोनमध्ये ते दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळाने आधीच आणलेले असेल, मग आपल्याला आयतेच मिळेल, असा तो समज. एके काळी हे खरे होते. पण २००० मध्येच प्रिन्स्टन विद्यापीठातल्या एडवर्ड फेल्टन आणि मायकेल श्नायडर यांनी दाखवून दिले होते की सामायिक कॅशे ही पाळत ठेवण्याची वाट आहे. एखादी फाइल चटकन उघडली की सावकाश, एवढे मोजून कोणतेही संकेतस्थळ ताडू शकते की हा माणूस आधी अमुक ठिकाणी जाऊन आला आहे. सफारीने २०१३ मध्ये, क्रोमने ऑक्टोबर २०२० मध्ये आणि फायरफॉक्सने जानेवारी २०२१ मध्ये प्रत्येक संकेतस्थळाचा साठा वेगळा केला. आता दुसऱ्याने आणलेला फॉन्ट आपल्या पानाला मिळत नाही. उलट परक्या सर्व्हरशी नवी जोडणी करण्याचा वेळ जातो. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने तर गूगलवरून फॉन्ट मागवताना वाचकाचा आयपी पत्ता त्याच्या संमतीशिवाय गूगलला गेला म्हणून संकेतस्थळाच्या चालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली. वर्डप्रेसनेही २०२३ मधल्या ६.२ आवृत्तीच्या वेळी आपल्या जुन्या मूळ थीमचे फॉन्ट थीमच्याच फोल्डरमध्ये आणून ठेवले. थीमच्या सगळ्या फाइली स्वतःच्या सर्व्हरवर ठेवणे हा आज निःसंशय योग्य मार्ग आहे.

इतके सगळे नीट केले तरी नेट बंद असताना पान उघडत नाही. कारण साधे आहे. सीएसएस, फॉन्ट, बोधचिन्ह फोनमध्ये असतात, पण त्यांना बोलावणारे मूळ एचटीएमएल पान दर वेळी सर्व्हरकडून मागवले जाते, आणि तिथेच सारे अडते. शिवाय नेहमीच्या कॅशेत काय ठेवायचे आणि जागा कमी पडली की काय फेकायचे, हे ब्राउझर स्वतःच्या मर्जीने ठरवतो.

यावर पहिला मोठा प्रयोग गूगलने ३१ मे २००७ रोजी केला. गूगल गिअर्स नावाचे प्लगइन ब्राउझरमध्ये बसवले की संकेतस्थळाला फाइलींसाठी एक स्थानिक साठा, एक छोटा डेटाबेस आणि पानामागे काम करणारी यंत्रणा मिळे. ब्लॉग आणि बातम्या वाचायचा गूगल रीडर त्यावर नेटशिवाय चालू लागला. जुलै २००८ मध्ये आलेल्या वर्डप्रेस २.६ मध्ये टर्बो नावाची सोय होती ती याच गिअर्सच्या जोरावर. लेख लिहिण्याच्या, संपादनाच्या पडद्यांना लागणाऱ्या नेहमीच्या फाइली तिने वापरणाऱ्याच्या संगणकात उतरवून ठेवल्या. संथ नेटवर लेख टाकणाऱ्याला फरक लगेच जाणवावा, असाच तिचा हेतू होता. पण प्रत्येकाने प्लगइन बसवावे ही अट कोणत्याही वेब सोयीला जड जाते. २०१० मध्ये गूगलने गिअर्सचे काम थांबवून ती कल्पना वेबच्या मानकांत आणायचे ठरवले आणि पुढच्या वर्षी गिअर्स बंद झाले.

मानकांमधला प्रयत्न म्हणजे एचटीएमएल-५ मधला ॲप्लिकेशन कॅशे. त्याची कल्पना मोहक होती. एका साध्या मजकूर-फाइलीत ‘या या फाइली साठव’ अशी यादी लिहायची, पानाच्या सुरुवातीला त्या यादीचा पत्ता द्यायचा, झाले. प्रोग्रॅमिंगची गरज नाही. आणि प्रत्यक्षात? यादी दाखवणारे पान स्वतःही साठ्यात जाऊन बसे, मालकाची इच्छा असो वा नसो. एकदा साठवले की नेट उत्तम चालू असतानाही ब्राउझर साठ्यातलेच पान दाखवी. यादीच्या मजकुरात एखादे अक्षर बदलेपर्यंत नवे काही आणत नसे. यादीतल्या शंभरांपैकी एक फाइल सापडली नाही तर सगळेच अद्ययावत करणे रद्द. ज्या फाइलींचा यादीत उल्लेख नाही त्या साठवलेल्या पानावर नेट असूनही उघडत नसत, जोपर्यंत तशी वेगळी परवानगी लिहिलेली नसेल. यातली सर्वांत घातक शक्यता अशी, की ही यादीच जर नेहमीच्या कॅशेत वर्षभरासाठी ताजी म्हणून बसली, तर वाचक जुन्या संकेतस्थळात अडकून पडे आणि त्याला बाहेर काढायला मालकाकडे जवळजवळ काहीच साधन उरत नसे. वेब डेव्हलपर जेक आर्चिबाल्ड यांनी मे २०१२ मध्ये अ लिस्ट अपार्ट या नियतकालिकात या साऱ्या खोडींवर लेख लिहिला, आणि शीर्षकातच ॲप्लिकेशन कॅशेला शिवी हासडली. तो लेख अजूनही वाचण्याजोगा आहे.

तरीही याच साधनाने एक मोठे काम करून दाखवले. लंडनच्या फायनान्शियल टाइम्सने जून २०११ मध्ये आपले वेब ॲप काढले. ॲपलच्या दुकानातून विकल्या जाणाऱ्या वर्गणीवर ॲपल तीस टक्के घेई आणि वर्गणीदारांची माहिती आपल्याकडे ठेवी. वृत्तपत्राला ते मान्य नव्हते. ऑगस्टमध्ये त्यांचे जुने ॲप दुकानातून गेले आणि वाचक ब्राउझरमधल्या आवृत्तीकडे वळले. विमानात, भुयारी रेल्वेत अंक वाचता यायला हवा होता. अँड्र्यू बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲप्लिकेशन कॅशेवर फार विसंबायचे नाही असे ठरवले. त्यात फक्त सुरुवातीचे एक हलके पान, फॉन्ट आणि काही चित्रे ठेवली. सीएसएस आणि जावास्क्रिप्ट मजकुराच्या रूपात ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये भरली. तिथे जागा जेमतेम पाच मेगाबाइट. ती पुरावी म्हणून त्यांनी सोळा बिटांच्या एका चिन्हात आठ-आठ बिटांची दोन चिन्हे कोंबायची युक्ती काढली आणि तेवढ्याच जागेत दुप्पट मजकूर बसवला. साधन अपुरे असताना माणसे किती खोल विचार करतात याचा हा सुंदर नमुना आहे. पण प्रत्येक लहान संकेतस्थळाला असे अभियंते कुठून मिळणार?

ॲप्लिकेशन कॅशेच्या अपयशातून धडा स्पष्ट झाला. ब्राउझरने स्वतः अंदाज बांधू नये. काय साठवायचे, कधी द्यायचे, कधी फेकायचे हे संकेतस्थळाच्याच हाती असावे. गूगलचे ॲलेक्स रसेल आणि जेक आर्चिबाल्ड, सॅमसंगचे जंगकी साँग यांनी मिळून लिहिलेल्या सर्व्हिस वर्करच्या मानकाचा पहिला सार्वजनिक मसुदा मे २०१४ मध्ये आला. क्रोममध्ये तो जानेवारी २०१५ मध्ये, फायरफॉक्समध्ये वर्षभराने आणि आयफोनच्या सफारीत मार्च २०१८ मध्ये पोचला. जुना ॲप्लिकेशन कॅशे फायरफॉक्सने २०२० च्या अखेरीस आणि क्रोमने २०२१ मध्ये पूर्ण काढून टाकला.

सर्व्हिस वर्कर ही जावास्क्रिप्टची एक वेगळी फाइल असते. ती पानात चालत नाही. पान आणि नेट यांच्या मध्ये बसते. पानाने मागितलेली प्रत्येक फाइल आधी तिच्याकडे येते, आणि ती साठ्यातून द्यायची, नेटवरून आणायची की दोन्ही करून पाहायचे, हे ही फाइल ठरवते. वाचक पहिल्यांदा येतो तेव्हा ती बसवली जाते आणि थीमच्या फाइली साठ्यात भरते. दुसऱ्या भेटीपासून मखर फोनमध्येच असते. इतक्या मोक्याच्या जागी बसणाऱ्या फाइलीत कुणी वाटेत ढवळाढवळ करू नये म्हणून ती फक्त एचटीटीपीएस असलेल्या संकेतस्थळांवर चालते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने डिसेंबर २०१५ पासून सुरक्षा प्रमाणपत्रे सर्वांना मोफत द्यायला सुरुवात केली, त्यामुळे छोट्या संकेतस्थळांची ही अडचणही दूर झाली.

खरे कौशल्य आहे ते कोणत्या फाइलीला कोणता नियम लावायचा यात. थीमच्या ज्या फाइलींच्या नावात आवृत्ती आहे त्या थेट साठ्यातून द्याव्यात, नेटला विचारूही नये. लेखाचे पान आधी नेटवरून मागावे, नाही मिळाले तर साठ्यातले जुने द्यावे. वाचकाने आधी वाचलेले लेख असे आपोआप त्याच्याजवळ राहतात. तेही नसेल तर थीमच्या रंगरूपात एक साधे पान दाखवावे: नेट नाही, पण हे हे लेख तुमच्या फोनमध्ये आहेत. ब्रिटनच्या गार्डियनने २०१५ मध्ये अशा वेळी वाचकाला शब्दकोडे द्यायची सोय केली होती. लॉगिनची पाने, संपादनाचे पडदे, पैशांचे व्यवहार मात्र साठ्यात कधीच जाता कामा नयेत.

आधी नेट, मग साठा, या नियमात एक खाच आहे. कोकण रेल्वेची गाडी रत्नागिरीजवळच्या करबुडे बोगद्यात शिरते. बोगदा साडेसहा किलोमीटर लांब. आत रेंज नसेल तर फोनला तसे कळते आणि साठ्यातले पान लगेच उघडते. खरा त्रास बोगद्यातून बाहेर आल्यावर होतो. फोनवर रेंजच्या काड्या दिसतात, पण डेटा येत नाही. ब्राउझर नेट आहे असे समजून वाट पाहत राहतो, आणि फोनमध्ये तयार असलेले पान वाचकाला मिळत नाही. म्हणून नेटची वाट किती वेळ पाहायची त्याला मर्यादा घालावी. दोन-तीन सेकंदांत उत्तर आले नाही तर साठ्यातले पान दाखवावे आणि नवे मागाहून आणावे. ही एवढी ओळ न लिहिल्यामुळे चांगल्या चांगल्या संकेतस्थळांचा ऑफलाइन अनुभव फसतो.

भारतात या तंत्राचा पहिला मोठा वापर बंगळूरच्या फ्लिपकार्टने केला. २०१५ मध्ये कंपनीने मोबाइलचे संकेतस्थळ बंद करून सगळ्यांना ॲपकडे वळवले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती वेबवर परतली, फ्लिपकार्ट लाइट घेऊन. दुकानाचा सांगाडा, म्हणजे वरची पट्टी, मेनू, शोधाची चौकट, सर्व्हिस वर्करने फोनमध्ये ठेवला होता. गूगलने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार लाइटचे ६३ टक्के वापरकर्ते टू-जीवरून येत होते, आणि लोक तिथे पूर्वीच्या तिप्पट वेळ घालवू लागले. जिओ यायला तेव्हा वर्षभर अवकाश होता. आज नेटवर्क कितीतरी वेगवान झाले आहे, तरी घाटात, तळघरात, गर्दीच्या लोकलमध्ये आणि महिनाअखेर संपलेल्या पॅकवर परिस्थिती पुष्कळदा तीच असते.

या तंत्रात धोके आहेत आणि ते माहीत असायलाच हवेत. सुरुवातीला साठवायच्या यादीतली एक जरी फाइल मिळाली नाही तर सर्व्हिस वर्कर बसतच नाही; ॲप्लिकेशन कॅशेचा हा एक गुण इथेही उतरला आहे. म्हणून यादी आखूड ठेवावी: सीएसएस, एक-दोन फॉन्ट, बोधचिन्ह, ऑफलाइन पान. सर्व्हिस वर्करची नवी आवृत्ती आली तरी जुनीच्या ताब्यातले सगळे टॅब बंद होईपर्यंत ती थांबून राहते. नुसते रिलोड करून भागत नाही, आणि थीम बदलणाऱ्याला वाटते आपले काम वाया गेले. नवी आवृत्ती ताबा घेते तेव्हा जुने साठे खोडायची जबाबदारीही लिहिणाऱ्याचीच. ते विसरले तर वाचकाच्या फोनमध्ये चार थीमचा पसारा साचतो. परक्या सर्व्हरवरून आलेल्या, आतला मजकूर तपासता न येणाऱ्या फाइलींचा हिशेब तर क्रोम फार कडक धरतो: प्रत्यक्षात काही किलोबाइटची फाइल असली तरी सुमारे सात मेगाबाइट जागा गेली असे मोजतो, म्हणजे आकारावरून कुणाला गुपित ताडता येऊ नये. थीमच्या फाइली स्वतःच्या सर्व्हरवर ठेवण्याचे हे आणखी एक कारण.

एक शहाणपणाची तरतूद मानकातच आहे. सर्व्हिस वर्करची फाइल चुकून वर्षभर ताजी म्हणून पाठवली गेली, तरी ब्राउझर चोवीस तासांपेक्षा जुन्या प्रतीवर विसंबत नाही; नवी आहे का हे सर्व्हरला विचारतो. चुकीची आवृत्ती गेलीच तर काही न करणारी, स्वतःची नोंदणी काढून टाकणारी फाइल त्याच पत्त्यावर ठेवली की पुढच्या भेटीत वाचक मोकळा होतो. ॲप्लिकेशन कॅशेत वर्षानुवर्षे अडकलेल्या वाचकांची आठवण ठेवून केलेली ही सोय आहे.

साठवलेले कायम राहील याची हमी मात्र कुणीच देत नाही. फोनमधली जागा संपली की ब्राउझर बरेच दिवस न वापरलेल्या संकेतस्थळांचे साठे आधी खोडतो. ॲपलने मार्च २०२० पासून आणखी कडक नियम केला: वाचकाने सफारी वापरली पण सात दिवसांत त्या संकेतस्थळाशी काही संबंध ठेवला नाही, तर सर्व्हिस वर्कर आणि त्याचा साठा पुसला जातो. पाळत ठेवणाऱ्या जाहिरातदारांना रोखण्यासाठी हे केले, आणि त्यात आठवड्यातून एकदा वाचल्या जाणाऱ्या साप्ताहिकांचेही नुकसान झाले. होम स्क्रीनवर आयकॉन म्हणून ठेवलेल्या संकेतस्थळांना ही मुदत लागू नाही. तेव्हा आवडते संकेतस्थळ ऑफलाइन चालत असेल तर आयफोनवाल्या वाचकाने ते होम स्क्रीनवर घ्यावे. ‘कॅशे साफ करा’चे बटण ऊठसूट दाबणाऱ्यांनीही एवढे लक्षात घ्यावे, की त्याने थोडी जागा मोकळी होते आणि पुढच्या भेटीत तोच डेटा पुन्हा विकत घ्यावा लागतो.

मराठीत आज दिवाळी अंकांपासून शेतीच्या सल्ल्यापर्यंत कितीतरी गोष्टी वेबवर आल्या आहेत आणि त्या वाचणारा मोठा वर्ग फोनवरच वाचतो. संकेतस्थळ चालवणाऱ्यांनी एक चाचणी आजच करावी. आपले संकेतस्थळ फोनवर उघडावे, एखादा लेख शेवटपर्यंत वाचावा, ब्राउझर बंद करावा, फोन विमान मोडवर टाकावा आणि तोच लेख पुन्हा उघडून पाहावा. तो उघडला नाही तर थीम बनवणाऱ्याला तीन कामे सांगावीत: फॉन्ट आपल्या सर्व्हरवर आणा, फाइलींच्या नावात आवृत्ती घाला, आणि सर्व्हिस वर्कर बसवा. जाणत्या माणसाला एवढ्यासाठी काही दिवस पुरतात.